चार बोअरमधलं नारळपाणी

दौलताबादच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागल्या की माझ्या हाताला नारळाचा वास यायला लागतो. कुणाला सांगितलं तर हसेल. सीताफळाचा आणि नारळाचा काय संबंध? पण माझ्या डोक्यात त्या दोघांची गाठ एकाच हंगामात पडली, आणि ती मी सोडवायलाही गेले नाही.

तो हंगाम म्हणजे घट बसल्यापासून दिवाळीपर्यंतचा. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या दिवसांत ऊन असं तापतं की पत्र्याच्या शेडमध्ये उघडा पडलेला पाना उचलला तर चटका बसतो. कर्णपुऱ्याची जत्रा भरलेली असते. पोरं पुंग्या वाजवत रस्त्यानं हिंडतात. झेंडूचे ढीग लागतात, आणि गावातला प्रत्येक यंत्रवाला, मग तो पिठाच्या गिरणीचा असो की मोठ्या कारखान्याचा, आपापली यंत्रं धुवायला काढतो. खंडेनवमी जवळ आलेली असते. गावाचं नाव आता पाटीवर छत्रपती संभाजीनगर आहे. ज्या वर्षाचं मी सांगते आहे त्या वर्षी ते औरंगाबाद होतं, वाळूजला कारखाने नुकतेच धडाक्यानं सुरू झाले होते, आणि मी लग्न होऊन सहा महिन्यांची सून होते.

सासऱ्यांचं स्टेशनजवळ बोरिंगचं दुकान होतं. बोरिंग म्हटलं की लोकांना विहिरीचं वाटतं. आमचं तसलं नाही. गाडीचं इंजिन झिजलं की त्याच्यातल्या नळ्या, ज्यांना आम्ही बोअर म्हणतो, त्या आतून कापून पुन्हा गोल आणि गुळगुळीत करायच्या, हे आमचं काम. दर खेपेला नळी थोडी रुंद होते आणि तिची भिंत थोडी पातळ होते. तीनदा-चारदा झालं की कापायला लोखंड उरत नाही. हे एवढं समजलं की पुढचं सगळं समजेल.

सासऱ्यांना सगळे तात्या म्हणायचे, मीही. पिशोरचा माणूस. शेती भावांवर सोडून तरुणपणी शहरात आला आणि यंत्रात रमला. बोलणं शेवटपर्यंत पिशोरचंच राहिलं. त्यांचा एकच शौक होता, आणि तो शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभा असायचा: हिरव्या रंगाची, दोन माणसांची, बिनटपाची विलायती गाडी. निजामाचं राज्य जाऊन चार-सहा वर्षं झाल्यावर इथल्या कुण्या जिनिंगवाल्याच्या अंगात वारं भरलेल्या मुलानं ती मागवलेली. वारं उतरल्यावर ती वीस वर्षं कापसाच्या गाठींमागे पडून होती. तात्यांनी तिथून ती ओढून आणली, दोनदा उभी केली, दोनदा ती बसली. बॉनेट लांबलचक, बसायची जागा जमिनीला टेकलेली, सामानाला जागा नाही. सासूबाई म्हणायच्या, "हिच्यात ना बाजार बसतो ना लेकरं." खरं होतं. तरी तात्या दर रविवारी तिच्यावरून फडकं फिरवायचे.

त्या वर्षी भाद्रपदात तात्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण दोन्ही कडा झाकत चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यानंतर गाडी चालवायची नाही. खरं तर आत्ताच सोडली तर बरं. तात्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "दिवाळीच्या आत हिरवीला म्हैसमाळला नेतो. एकदा. मंग किल्ली तुमच्याकडं." मी सून होऊन आल्यापासून त्या माणसानं कधी काही मागितलेलं नव्हतं.

इंजिन उतरवलं. मापं घेतली. तात्या आणि हमीदभाई, आमचे जुने मिस्त्री, दोघांनी मिळून चारी बोअर कापले. शेवटचं माप होतं ते. त्यापुढचं पिस्टनच मिळत नाही आणि भिंतही पुरत नाही. हमीदभाईंनी दगडानं आतून अशी घासाई केली की नळीत तोंड दिसावं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ते मुख्य लोखंडी धड, बोअर वर करून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

आता माझी गोष्ट येते, आणि ती मी न लाजता सांगणार आहे, कारण लाजून झालेलं आहे. सासूबाई घटाला पिशोरला गेल्या होत्या, म्हणून दुकानाची पूजा माझ्याकडे आली. सहा महिन्यांची सून आणि सगळ्या दुकानाची पूजा! मी नेसून-नटून गेले. लेथला हार, ड्रिलला हार, पान्यांची रांग लावून हळदकुंकू. सगळ्यात मोठा मान अर्थातच टेबलावरच्या त्या ब्लॉकचा. माझ्या माहेरी विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. दर खंडेनवमीला वडील त्याच्यापुढे नारळ फोडायचे आणि पाणी इंजिनावरच शिंपडायचे. वर्षभर इंजिन थंड राहतं म्हणायचे. मी तेच केलं. नारळ फोडला आणि पाणी चारी बोअरमध्ये ओतलं. थोडं थोडं, वाटणीत कुणावर अन्याय नको म्हणून. वर प्रत्येकात एक ओला झेंडू. माहेरचं इंजिन बंद डब्यासारखं होतं, हे उघडं आहे, एवढा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत रसायनशास्त्र शिकलेली बाई मी.

आणि आपली रीत कशी, एकदा हत्यार पूजेत ठेवलं की दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कुणी लावला नाही. शेडला कुलूप. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हमीदभाईंनी फुलं उचलली आणि ते दोन पावलं मागं सरले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बहू, ये क्या करके बैठे तुम?"

चारी नळ्यांत तांबूस गाळ. पुसल्यावर खाली गंजाचे खड्डे. मोठे नाहीत, पण हमीदभाईंनी नख फिरवलं तर नख अडकत होतं. नख अडकलं म्हणजे संपलं, पुन्हा कापायला हवं. आणि कापायला तर लोखंड नव्हतं.

तात्यांनी वाकून बघितलं. मान आडवी करत करत, कारण कडेचं दिसत नव्हतं.

"कोणी वतलं हे?"

"मी."

"समद्यात?"

"हो. चारीत. थोडं थोडं."

त्यांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "च्या सांगा," आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. सासऱ्यांचा ओरडा सोसता येतो, पण त्यांनी घेतलेला तो चहा मला आजही आठवतो. बशी धरलेला हात स्थिर होता आणि डोळे ताडपत्रीकडं होते.

त्या आठवड्यात आमच्या दुकानात एकच विषय. एक वाट होती, नळ्यांमध्ये लोखंडाच्या नव्या बाह्या बसवायच्या, लायनर म्हणतात त्यांना. ते काम व्हायचं, पण भिंत आधीच पातळ. फार सावकाश करायला हवं, आणि एवढ्या पातळ मापाचे लायनर ओतून मागवायचे तर वर्ष कुठं गेलं कळत नाही. दुसरी वाट, दुसरं इंजिन. त्या काळी गावात जो उठेल तो पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं घालत होता. "डिजल डालो तात्या," हमीदभाई म्हणाले. "उलटी हुई जीप का पडेला है अपने पास. पूरा शहर डाल रा." घालायला हरकत नव्हती. फक्त ते उंच होतं, म्हणजे बॉनेट कापायचं. रुंद होतं, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडाही कापायचा. आणि जड इतकं, की पुढची चाकं जमिनीत रुतली असती. त्या गाडीत ते इंजिन म्हणजे हरणाच्या गळ्यात लोढणं.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, वाळूजला कारखान्यात पाळ्या करायचे. ते म्हणाले, "जाऊ दे ना, गाडी विकून टाकू." त्यांना मी पुढचे दोन दिवस फक्त पिठलं वाढलं.

मी टेप घेतला. पश्चात्तापानं घेतला म्हणा, हट्टानं घेतला म्हणा. गाडीचं पोट मोजलं: लांबी, रुंदी, उंची, गिअरबॉक्सचं तोंड, बोल्टांची भोकं. मग दुकानात दुरुस्तीला आलेली आणि मालकांनी टाकून दिलेली इंजिनं मोजली. साध्या घरगुती, चार दारांच्या गाडीचं एक पेट्रोलचं इंजिन होतं. ताकद कमी, रूप काही नाही, पण उंचीला बसत होतं. अडचण एकच: त्याची बोल्टांची भोकं आमच्या गिअरबॉक्सला जुळत नव्हती. मी वहीत काढून दाखवलं की दोघांच्या मध्ये बोटभर जाडीची लोखंडी चकती घातली, एका अंगाला एकाची भोकं आणि दुसऱ्या अंगाला दुसऱ्याची, तर कुणालाच कापायला नको.

हमीदभाईंनी वही उलटी धरली, सुलटी धरली. "बैठता क्या?"

"बसतं," मी म्हणाले. एवढ्या ठामपणे मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले असेन. चुकलेल्या माणसाला एक फायदा असतो, त्याला आणखी घाबरण्यासारखं काही उरत नाही.

तात्यांनी मात्र दोन्ही इंजिनं मोंढ्यात नेऊन धान्याच्या काट्यावर ठेवायला लावली. पुढच्या स्प्रिंगांवर त्यांचा जीव. ज्वारीच्या पोत्यांच्या रांगेत आमची दोन काळीकुट्ट इंजिनं. हमाल हसून हसून बेजार. घरगुती इंजिन जुन्यापेक्षा थोडं हलकंच भरलं. परत येताना टेम्पोत मी धीर करून म्हटलं, "तात्या, नाहीतर थांबू. लायनर मागवू. तिचं इंजिन तिलाच बसवू. मी बिघडवलं, मी नीट करते."

ते म्हणाले, "इंजिन काय, ग्रीसमधी गुंडाळलं तर धा वर्षं पडून राहतंय. माझे डोळे नाय राहायचे. आता ते बसव. पर गाडीला एक बी भोक पाडायचं नाय. तिचं तिला परत देता आलं पायजे."

मी आजवर बरेच निर्णय बघितले, घरातले, दुकानातले, कारखान्यांचे. इतका सरळ कुणी सांगितलेला आठवत नाही. लोक एकतर म्हणतात जुनं ते सोनं, हात लावू नका. नाहीतर म्हणतात काळ बदलला, कापून टाका. तात्यांनी माणसाची निकड आणि यंत्राचा मान दोन्ही एका वाक्यात बसवलं. मी त्यावर पुढे दुकान चालवलं.

चकती हमीदभाईंनी लेथवर काढली. भोकं मी आखली. पहिल्या वेळेला एक भोक केसभर सरकलं, दुसऱ्या वेळेला सगळी बसली. बॉनेट खाली आलं आणि लागलं तेव्हा हमीदभाई फक्त "हौ, बैठ गया" म्हणाले आणि तोंडात पान टाकलं.

वसुबारसेच्या सकाळी निघालो. चालवायला तात्या, शेजारी मी. माझं काम ठरलेलं: कडा. "डावीकडं सायकल. उजवीकडून एसटी येते आहे. डावीकडं बैलगाडी, बैल बुजलाय." मी त्यांचे दोन्ही बाजूंचे डोळे होते आणि मधला रस्ता त्यांचा. आज विचार केला तर अंगावर काटा येतो, आजच्या रहदारीत मीच असं कुणाला करू देणार नाही. पण तेव्हा पडेगाव सुटलं की रस्ता आपल्याच बापाचा असायचा. दोन्ही बाजूंना सीताफळांच्या पाट्या, टोपल्यांवर पळसाची पानं, पाटीमागं बसलेल्या बाया गाडी बघून उभ्या राहायच्या. दौलताबादच्या त्या जुन्या दरवाजातून रस्ता जातो, तिथं मी जीव मुठीत धरला. एसटी तिथून अंग चोरून निघते. तात्यांनी वेग न मोडता गाडी बरोबर मधून काढली. "समोरचं तर मला दिसतंय की," ते म्हणाले.

चढाला इंजिन दमलं. घरगुतीच ते. दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत राहिलं. म्हैसमाळला वर गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि वाऱ्याला जरा गारवा होता. एका बाईनं दगडावर बसून टोपलीतली पिकलेली सीताफळं दिली. तात्या बिया थुंकत थुंकत बराच वेळ खात होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"शैला, बोअर कापल्यावर काय करायचं असतं?"

"तेल लावायचं." एवढं मी तोवर शिकले होते.

"मंग त्या दिवशी तेल का नव्हतं?"

मी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"मीच पुसलं. पूजेला लोकं येणार, त्यांना घासाई दिसावी, म्हणून रॉकेलच्या फडक्यानं कोरडं केलं. तीस वर्षं पोरांना वरडलो, तेल लावा, तेल लावा. आन स्वतःच्या गाडीचं पुसलं. मिरवायला. तेल असतं तर तुझ्या नारळानं काय व्हायचं होतं? उगं वरून वाहून गेलं असतं."

"तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"सासरा हाय ना," ते म्हणाले. "जड गेलं."

मी रडले. चांगली हमसून रडले, हातात सीताफळ घेऊन. दसऱ्यापासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी येऊन अर्धा उचलला होता, आणि उचलणारा म्हणत होता की हा अर्धा माझाच आहे. तात्यांनी मला रडू दिलं. घाट उतरून शरणापूरच्या सपाटीला आलो तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि किल्ली पुढं केली. दुकानाच्या आवारात लोकांच्या जीपा पुढं-मागं करण्याइतकं मला येत होतं. तेवढ्या भांडवलावर मी ती गाडी घरी आणली. त्यानंतर तात्यांनी कधीही स्टिअरिंग धरलं नाही. शब्दाचा माणूस.

जुनं इंजिन ग्रीसमध्ये, गोणपाटात, टेबलाखाली चार वर्षं झोपलं. लायनर मी बसवले. बोरिंगचं यंत्र तोवर माझ्या हाताखाली आलं होतं. शेवटी तात्यांना शेडमध्ये आणून खुर्चीवर बसवलं. डोळ्यांना एव्हाना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्यांनी बोअरमध्ये हात घातला, नख वरपासून खालपर्यंत फिरवलं, चारीमध्ये. वेळ घेतला. "नख नाय अडकत," म्हणाले. मग बोटं नाकाशी नेऊन हुंगली. तेल होतं. समाधानानं मान हलवली. हिरवीचं इंजिन हिरवीत परत बसलं, आणि चकती भिंतीवरच्या खिळ्याला गेली.

तात्यांना जाऊन खूप वर्षं झाली. हमीदभाईही गेले. हिरवी अजून आहे, आणि चालती आहे. चालत नाही ते माझं डावं ढोपर. तिचा क्लच म्हणजे उखळातलं मुसळ दाबल्यासारखा, दोन वर्षांपासून मला तो दाबवत नाही. गाडी ताडपत्रीखाली गेली. माझी लेक मुक्ता शेंद्र्याला विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात आहे. गेल्या वर्षी ती म्हणाली, "आई, इंजिन काढू. मोटर बसवू. क्लचच नाही." मी तिला असं काही बोलले की तिनं वर्षभर विषय काढला नाही. माझ्या हातानं लायनर घातलेलं इंजिन, आणि ही म्हणते काढू. गाडीचा आवाज गेला तर उरलं काय, पत्रा?

यंदा ती पुन्हा आली. शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली ती जुनी चकती उतरवली, मोजली, आणि गेली. पंधरा दिवसांनी नवीन चकती घेऊन आली, अॅल्युमिनियमची, चकचकीत. गिअरबॉक्सच्या अंगाची भोकं तीच, मी आखली होती ती. दुसऱ्या अंगाला मोटरची. "गाडीला एकही भोक नाही," ती म्हणाली. "तुझं इंजिन केव्हाही परत बसतं." तात्यांचं वाक्य मी तिला कधी सांगितलं होतं का, आठवत नाही. बहुधा चकतीनंच सांगितलं.

मी दोन दिवस विचार केला. खरं म्हणजे विचार कसला, रुसवा होता. तिसऱ्या दिवशी पडेगावच्या पुढं सीताफळाच्या पाट्या बघितल्या, रिक्षातून, आणि स्वतःवरच चिडले. हिरवी घरात असताना मी दौलताबादच्या रस्त्यावर रिक्षातून जाते? इंजिन ग्रीसमध्ये थांबेल. माझं ढोपर काही मागं फिरणार नाही. घरी येऊन म्हटलं, "काढ."

आज खंडेनवमी. इंजिन टेबलावर आहे. मुक्तानं वरचं झाकण उघडून ठेवलेलं मला दिसलं. जाऊन बोट घातलं. चारी बोअर तेलानं माखलेले, वर प्लास्टिक बांधायला कापून ठेवलेलं. शिकवल्याशिवाय आलं नसेल, पण आज सांगावं लागलं नाही. लेथला हार घातले, पान्यांना हळदकुंकू लावलं, नव्या मोटरलाही लावलं, ती बिचारी काही बोलली नाही. इंजिनावर एक झेंडू ठेवला. कोरडा, बोअरपासून लांब.

मुक्तानं नारळ माझ्या हातात दिला आणि गालात हसत बाजूला उभी राहिली. ही गोष्ट तिला पाठ आहे. मी नारळ बाहेर नेला, पायरीच्या दगडावर फोडला आणि पाणी सगळं तांब्यात धरलं. अर्धं तिला दिलं, अर्धं मी उभ्या उभ्या प्यायले. इंजिनाला थेंबही दिला नाही.